भावजींची भरती

अरबी समुद्राला बिनपगारी कामावर ठेवणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलत दीर म्हणून आला. समुद्र दिवसातून दोनदा कामावर येई, रजा मागत नसे, आणि भावजी बांधावर कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे असे बघत, की हजेरीपटावर त्याची सही घ्यायचीच तेवढी राहिली आहे. हल्ली नातवंडं मला सुट्टीत कुठल्या तरी वॉटर पार्कात नेतात, तिथल्या निळ्या नळकांड्यांतून किंचाळत घसरतात आणि मग माझी दया येऊन विचारतात, "आजी, तुझ्या वेळी असलं काही होतं का गं?" होतं की. डहाणूच्या खाडीवर होतं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. त्याला वीज लागत नसे, चंद्र लागत असे.

भावजी डहाणूतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. उंच, काटकुळे, कानामागे कायम एक ब्रश. लग्नाच्या फोटोतही तो आहे. अक्षर असं, की बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पण एक खोड होती. पहिल्या अक्षरावर त्यांचा इतका जीव जडे, की ते फुगत फुगत पाटीचा पाव भाग खाई, दुसरं त्याच्या तोलाचं व्हायलाच हवं, आणि मग वाक्य संपायच्या आत पाटी संपे. शाळेच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या दिमाखात 'येथे थुंकू' एवढं लिहिलं होतं. 'नये' कोपऱ्यावरून वळल्यावर पलीकडच्या भिंतीवर होतं. मुलं फार न्यायी; अलीकडे थुंकत, पलीकडे थुंकत नसत. बाजारातल्या शिंप्याचं दुकान वर्षानुवर्षं 'लेडीज टेल' म्हणून चाललं, कारण 'र' शटरवर काढला होता आणि दुकान उघडलं की तो वर गुंडाळला जाई. मी एकदा म्हटलं, "भावजी, आधी खडूने आखून घ्यावं माणसाने." तर म्हणाले, "वहिनी, आधी अक्षराला जागा द्यायची. अर्थ काय, वाचणारा लावून घेतो."

घरातही असंच. भावजी गोष्टीची सुरुवात जाहीर करत आणि उरलेलं माझ्या जावेला कोपऱ्यावरून वळल्यावर कळे. "उद्या पाहुणे," म्हणत. किती आणि जेवायला की कसं, ते पाहुणे आल्यावर. माझी जाऊ तलासरीकडची, झरीची. मॅट्रिक झालेली, बेताची उंची, बोलणं त्याहून बेताचं. चिडली की बोलत नसे, भांडी घाशी. मी रेल्वे क्वार्टरमधून त्यांच्या घरी गेले आणि पातेल्यात माझं तोंड लख्ख दिसलं, की समजायचं, भावजींनी काही तरी सुरू केलंय.

हे प्रकरण सुरू झालं ते पेपरातल्या एका फोटोने. मुंबईकडे लोक पाण्यात घसरायला रांगा लावतात, असं त्यात होतं. भावजी पेपर घेऊन आमच्याकडे आले. यांची ड्यूटी रात्रीची झालेली, हे झोपले होते. म्हणून सगळं मलाच ऐकावं लागलं.

"वहिनी, हे लोक पाणी यंत्राने ढवळतात. आपल्याकडे चंद्र ढवळतो. फुकट. आणि आपण काय करतो?"

"काय करतो?"

"बघत बसतो."

भावजींच्या वाट्याला वडिलांकडून खाडीकाठचा खाजणाचा, म्हणजे खाऱ्या दलदलीचा, एक तुकडा आला होता. पुढे तिवरं, कडेला चार सुरूची झाडं, आणि बांधाच्या आतल्या गोड मातीत माझ्या जावेचा भाजीचा वाफा. भावजींनी मे महिन्यात काम काढलं. हौद खणला. ताडाचं खोड मधोमध चिरून, आतून तासून, त्याची घसरगुंडी केली. सुरूच्या फांदीला जहाजाचा जाड दोर बांधून झोका टांगला. बांधात उघाडी बसवली, म्हणजे लाकडी झडप. भरती आली की उघडायची, खाडीचं पाणी आपसूक आत. ओहोटीला परत बाहेर. पाणी अडवून का ठेवत नाही, असं मी विचारलं तर त्यांनी मी शिळी भाकरी वाढल्यासारखं तोंड केलं. "साठवलेलं पाणी म्हणजे शिळं पाणी, वहिनी. आपला पार्क निसर्गावर आधारित आहे."

निसर्ग मात्र भावजींवर आधारित नव्हता. थंडीत, वालाच्या शेंगा नुकत्या भरलेल्या असताना, पुनवेच्या भरतीला उघाडी उघडली गेली आणि समुद्र हौदात न थांबता सरळ वालाच्या वाफ्यात जाऊन बसला. सकाळी जाऊ टोपली घेऊन गेली, तर वेलांना वालाऐवजी निवट्या लागलेल्या. त्या चिखलात टुणटुण उड्या मारणाऱ्या, डोळे डोक्यावर असलेल्या माशांकडे तिने थोडा वेळ पाहिलं. घरी आली. त्या दिवशी तिने भांडी घासली नाहीत, यावरूनच मी समजले की हे वेगळं आहे. पिशवी भरली आणि एवढंच म्हणाली, "वाल गेले त्याचं काही नाही. मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, आधी काढून घेऊ, मग सोडा पाणी. तुम्ही विचारलंच नाहीत. कधीच विचारत नाही."

भावजी म्हणाले, "अगं, पण पार्क..."

"त्या डबक्यावर ज्या दिवशी माणसं आपल्या पायांनी येतील, त्या दिवशी मी येईन," असं म्हणून ती तलासरीच्या एस.टी.त बसली.

आता झालं असं, की भावजींना बायको हवी होती आणि बायकोला गर्दी. डहाणूत गर्दी करायला फार काही लागत नाही, पण पाण्यात? एका बाजूला खाडी, समोर आख्खा समुद्र. शेजारच्या चिकूवाडीचे गुजराती शेठ सायकल थांबवून म्हणाले, "मास्तर, दरियामां तो मफतमां पाणी छे." भावजी म्हणाले, "आपलंही मफतच आहे, शेठ." शेठना हा धंदा अजिबात कळेना. ते सायकलवर बसून गेले आणि वाटेत दोनदा मागे वळून बघितलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून धावून गेले ती मी. त्या काळी मी स्वतःला डहाणूतली सर्वांत आधुनिक बाई समजत असे, आणि हे मत खोडायला गावात दुसरं कुणी रिकामं नव्हतं. महिला मंडळात मी सांगून टाकलं होतं, की जलक्रीडेला साडी चालत नाही, तिथे वेगळा पोशाख लागतो. तो आणायला मी वापीला गेले. नायलॉनचा पंजाबी ड्रेस, रंग पोपटी, छातीवर लाल गुलाब. नायलॉनच हवं, ते पाणी पीत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. यांनी ड्रेस बघितला आणि म्हणाले, "स्टेशनातून जाऊ नकोस. गाडी सुटेल."

भावजींनी 'रविवारी या' असं सांगितलं होतं. वेळ नेहमीप्रमाणे वाक्याबाहेर राहिली. मी, हे आणि मंडळाच्या चार बायका डबे घेऊन टळटळीत बाराला पोचलो. त्या दिवशी होती अष्टमी. खाडीकाठचं शेंबडं पोरही जाणतं, की तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, अष्टमीला सहा. म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. हौदात काळा, चकचकीत, दह्यासारखा चिखल होता आणि निवट्या आमच्याकडे बघत होत्या.

"सहापर्यंत थांबा," भावजी म्हणाले. "तो येईलच." समुद्राचा उल्लेख ते तसा करत.

मंडळाच्या बायका माझ्या ड्रेसकडे बघून काही बोलल्या नाहीत, तेच मला लागलं. मी म्हटलं, घसरगुंडीला पाणी कशाला लागतं, आणि वर चढले. ताडाचं खोड तासलेलं होतं, पण ताडालाही स्वाभिमान असतो. ड्रेसचा मागचा भाग त्याने जागोजागी ठेवून घेतला. उरलेली मी थेट चिखलात कमरेपर्यंत रुतले. झोक्याचा दोर टाकून हे आणि भावजी मला ओढत होते, बायका काठावर बसून पुऱ्या खात होत्या, आणि त्यांतली एक शांतपणे म्हणाली, "पोशाख वेगळा लागतो खरा."

सहाला समुद्र कामावर आला. हळूहळू, तोंड न उघडता, मोलकरीण अंगणातून यावी तसा. त्याने मला स्वच्छ धुतलं. नायलॉन पाणी पीत नाही हे खरं होतं. त्याने हवा प्यायली. ड्रेस फुगला आणि मी पोपटी तंबूसारखी हौदभर तरंगत फिरू लागले, पाय खाली टेकेनात. भावजी काठावरून चालत बरोबर येत होते आणि मनापासून आनंदून म्हणत होते, "वहिनी, पोहणं न येता तरंगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मंडळात मी मग सहा महिने आधुनिकतेवर बोलले नाही.

गर्दी काही आली नाही. भावजी दुबळे होत चालले. सकाळी पाव, रात्री पाव. मी डबा पाठवला की तो धुऊन परत येई आणि झाकणावर ब्रशने सुंदर 'आभा' लिहिलेलं असे, 'र' तळाशी. एकदा म्हणाले, "तिला आणायला जाऊ का, वहिनी?" मी म्हटलं, "जा की." म्हणाले, "पण तिने अट घातलीय. अट न पाळता गेलो, तर तेही न विचारता गेल्यासारखंच होईल ना." हा माणूस इतका सरळ विचार करू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग मे महिना आला, शाळेला सुट्टी लागली, आणि भावजींनी दोन फळे रंगवले. एक डहाणूच्या एस.टी. स्टँडवर भिंतीला लावला, दुसरा तलासरीला नाक्यावर, झरीचा फाटा फुटतो तिथल्या चहाच्या टपरीपाशी. मजकूर त्यांच्या मनात स्वच्छ होता: भरतीच्या पाण्यात डुंबायला सहकुटुंब या. पण 'भ' काढताना त्यांना झरी आठवली असावी. इतका देखणा, भरदार 'भ' त्यांच्या हातून पुन्हा झाला नाही. 'भरती' या तीन अक्षरांत फळा संपला. खाली बारीक ओळीत 'शुक्रवारी सकाळी साडेदहा, डहाणू खाडी, सुरूच्या झाडांजवळ' एवढं कसंबसं मावलं. 'च्या पाण्यात डुंबायला सहकुटुंब या' हे त्यांनी फळ्याच्या पाठीमागे लिहिलं. आणि डहाणूचा फळा भिंतीला पाठ लावून टांगला.

शुक्रवारी चतुर्दशी होती. सकाळी मी कोकम सरबताची कळशी आणि एक टेबल घेऊन मदतीला गेले. भावजींना एकट्याने रिकामा हौद बघत बसायला लागू नये, एवढाच हेतू. नऊ वाजता सुरूखाली माणसं दिसू लागली. दहाला बांध दिसेना. डहाणूची होती, तलासरीकडची होती, पाड्यांवरची होती. इस्त्रीचे शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. मुलीही होत्या, दोन वेण्या घालून. सगळे ओळीत, कुणी न सांगता. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी," म्हणाले, "डुंबायला केवढी शिस्त."

पहिला मुलगा पुढे आला. "सर, रनिंग केव्हा?"

भावजींनी घसरगुंडीकडे बघितलं. "पाणी आलं की लगेच."

"छाती मोजणार?"

"छातीपर्यंतच आहे, काळजी नको."

"सर्टिफिकेट आणलंय."

"भिजेल बाबा ते. झाडाला लटकव."

त्याने विचारात पडत पिशवी सुरूच्या फांदीला अडकवली. मागच्यांनी पाहिलं आणि हीच पद्धत असणार म्हणून सगळ्यांनी अडकवल्या. बघता बघता झाड पिशव्यांनी लगडलं. रांगेत बातम्या चालल्या होत्या. जेट्टी होणार आहे म्हणे, नाही, मिठाचा कारखाना, सगळ्यांना पाण्यात उतरवून बघणार आहेत. काही जणांनी टेबलामागे मला पाहिलं आणि "नमस्कार मॅडम" म्हणाले. इथे मी उठून सांगायला हवं होतं, की मी मॅडम नाही, सरबतवाली आहे. पण मॅडम हा शब्द मला त्याआधी कुणी म्हटला नव्हता. मी चष्मा नीट केला आणि विचारलं, "पोहता येतं?" मुलगा म्हणाला, "शिकून घेईन, मॅडम." मी म्हटलं, "छान." आणि पुढच्याला बोलावलं. असे मी बरेच जण पुढे पाठवले, कुठे ते देव जाणे.

मग एकाने भावजींना पगार विचारला.

"कुणाला?" भावजी म्हणाले.

"आम्हाला."

"कशाबद्दल?"

भावजींनी झाडावरच्या पिशव्यांकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू ओहोटीसारखा उतरत गेला. बांधावर चढून त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं. ही भरती समुद्राची आहे. नोकरी नाही. माझ्याकडे फक्त पाणी आहे."

तलासरीकडून आलेला एक दाढीवाला माणूस म्हणाला, "पाणी? दोन बसा बदलून आलो मास्तर, पाण्यासाठी?"

इस्त्रीचे शर्ट घालून आलेली माणसं खाली बघत होती, आणि मी त्यांना 'छान' म्हटलं होतं. तेवढ्यात रांगेच्या शेपटातून आवाज आला, "माझी मुलाखत राहिली आहे."

माझी जाऊ. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, पिशवीत मॅट्रिकचं सर्टिफिकेट. रांगेने वाट करून दिली. ती टेबलापाशी आली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि भावजींसमोर सरळ उभी राहिली.

भावजींच्या कानामागचा ब्रश खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही. म्हणाले, "नोकरी नाहीये गं."

"आहे. मी बघितलं. उघाडीवर लक्ष ठेवायला कोणी नाही, येणाऱ्याला वेळ सांगायला कोणी नाही. विचारा."

भावजींनी घसा साफ केला. एवढा माणूस जमलेला, सगळे ऐकत होते. "आधीची जागा... का सोडलीत?"

"तिथे कुणी विचारत नव्हतं."

भावजी खाली बघत म्हणाले, "आता विचारतील."

"बघू. आधी हंगामी राहीन."

"रुजू केव्हा होणार?"

जावेने मागे खाडीकडे बघितलं. "साडेदहा वाजलेत," ती म्हणाली. "पहिलं उघाडी उघडा."

पाणी आलं. तिवरांच्या मुळांतून, चिखलावरून, निवट्यांना बाजूला सारत आलं आणि हौदात शिरलं. तो दाढीवाला माणूस काठापर्यंत आला. मग म्हणाला, "आता आलोच आहोत तर," शर्टाची घडी घातली, माझ्या टेबलावर माझ्याच हातात दिली, "मॅडम, जरा सांभाळा," आणि ताडाच्या खोडावरून जे घसरला ते आरोळी ठोकत. पुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. दुपारपर्यंत हौदात पाण्यापेक्षा माणसं जास्त होती, आणि माझ्यापुढे शर्टांचा ढीग. शेठनी न मागता वाडीतून चिकूच्या टोपल्या पाठवल्या, स्वतः मात्र बांधावर उभे राहून "पण आमां धंदो शुं छे?" म्हणत यात धंदा कसला ते एकेकाला विचारत होते.

संध्याकाळी मी जावेला गाठलं. "तू खरंच नोकरीला म्हणून आलीस का गं?"

"वहिनी, तो भ मी ओळखणार नाही?" ती म्हणाली. "टपरीवाल्याने फळा झाडाला टेकून उभा केला होता. लोक समोरून वाचून जात होते. मी वळसा घालून मागचं वाचलं. लग्न झाल्यापासून सवय आहे."

पार्क पुढे काही वर्षं चालला. वेळ रोज बदलायची, ती जाऊ सांगायची. गर्दी त्या शुक्रवारसारखी पुन्हा झाली नाही, पण सुट्टीला पोरं यायची, आणि वालाचा वाफा बांधाच्या वरच्या अंगाला, भावजींनी विचारून ठरवलेल्या जागी, छान धरायचा. दर दिवाळीला ती त्यांना म्हणे, "मास्तर, मी अजून हंगामीच आहे, लक्षात ठेवा." शेवटी एका वर्षी भावजींनी तिच्यासाठी एक छोटी फळी रंगवली. 'कायम' लिहायचं होतं. 'का' वर जीव जडला. 'काय' मध्ये फळी संपली, 'म' मागे गेला. ती फळी स्वयंपाकघराच्या दारावर लागली आणि येणारा प्रत्येक जण ती वाचून "काय?" म्हणे, मग जाऊ फळी उलटवून दाखवी आणि कित्येक वर्षं दर वेळी पहिल्यांदाच हसल्यासारखी हसे.

भावजी गेले त्याला आता बराच काळ झाला. उघाडी कुजली, हौदात तिवरं उगवली, घसरगुंडीवर खंड्या बसतो. गेल्या हिवाळ्यात मी डहाणूला गेले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावर फळी होती, पण उलटी. दर्शनी बाजूला नुसता एक म, टपोरा, रंग अजून ताजा.

मी विचारलं, "हे काय गं?"

"काय मागे आहे, वहिनी," ती वाल सोलता सोलता म्हणाली. "इतकी वर्षं हा बिचारा भिंतीकडे तोंड करून होता. म्हटलं, त्याला जरा उजेड दाखवू."